कोल्हापूरच्या रेडिओवाल्या काकांना

काका, साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे माहितीये मला, पण तुमच्या नातीला सांगून ठेवलंय, ती हे मोठ्यानं वाचून दाखवेल. नाव लिहायचं नाही ही तुमची अट, म्हणून नाव नाही. पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत, कारण आजोबांचा रेडिओग्राम दुरुस्त करून तुम्ही पैसे फक्त पार्टचे घेतलेत आणि बाकीच्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

आठवतंय ना, जूनमध्ये मी सांगलीहून एसटीनं आले होते, मांडीवर चादरीत गुंडाळलेली चासी, म्हणजे रेडिओचा आतला पत्र्याचा सांगाडा, आणि त्यातले काचेचे पाच व्हॉल्व्ह पाच पायमोज्यांत. तुम्ही आधी पायमोजे बघितलेत आणि म्हणालात, "पोरीला अक्कल हाय, बस." मी रडायच्या बेतात होते तेव्हा, तुम्हाला कळलं असेल किंवा नसेल.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आजोबांनी 1963 साली रेडिओग्राम घेतला, वर रेडिओ, झाकण उघडलं की गॅरार्डचा रेकॉर्ड चेंजर, खाली तबकड्यांचा कप्पा. आजोबा मूळचे मिरजेचे, अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले तेव्हा आजोबा शाळकरी पोर, पण दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं असायचं त्याला ते म्हातारपणापर्यंत जायचे, आणि घरातल्या निम्म्या तबकड्या खाँसाहेबांच्या आणि हिराबाईंच्या. 2019 च्या पुरात घरात गुडघ्याच्या वर पाणी आलं, आम्ही रेडिओग्राम दोन टेबलं जोडून त्यावर चढवला, त्याला पाणी लागलं नाही पण घर पुढे कितीतरी महिने ओलं होतं आणि तो तसाच बंद राहिला. मग यंदा आई म्हणाली एकदा ऐकायचंय गं, आणि मी एका दुकानात नेला. तिथं त्या माणसानं सरळ प्लग लावला. दहा मिनिटांत घों घों आवाज, जळका वास, फ्यूज उडाला, तर त्यानं फ्यूजच्या जागी तारेचा जाड तुकडा घातला आणि परत लावला! नंतर म्हणाला व्हॉल्व्ह संपले, आता कुठं मिळत नाहीत, आतलं सगळं काढून ब्लूटूथचं किट बसवून देतो, पेटी छान आहे. मी काही न बोलता उचलून घरी आणला. त्या रात्री झोप नाही.

तुम्ही पहिलं काम काय केलंत तर ती तार उपटून काढलीत. मग लावून बघा ना म्हटलं तर तुम्ही मला गप्प बसवलंत. ओल आहे म्हणालात, ट्रान्सफॉर्मरच्या कागदात ओल बसते, तशीच वीज दिली की वेटोळी आतल्या आत शॉर्ट होतात आणि तो जळला की मग खरंच संपलं. लाकडी खोक्यात चासी ठेवून शेजारी 60 चा बल्ब लावलात, दोन दिवस. दोन दिवस मी तुमच्याकडे फोन करकरून विचारत होते, आणि तुमचं एकच, "सुकू दे की."

मग मी रविवारी परत आले तेव्हा तुम्ही सिरीज बोर्ड काढलात, मधे बल्ब असलेला. मला हे माहितीच नव्हतं. जुना सेट कधी सरळ मेनला लावायचा नाही, मधे 100 वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये, आत शॉर्ट असेल तर बल्ब लखलखतो आणि सेट वाचतो, ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. आमचा मंद झाला. आणि त्याच्याही आधी तुम्ही स्पीकर जोडलात, स्पीकर नसताना व्हॉल्व्हचा सेट वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो हे तुम्ही तीनदा सांगितलंत, मी आता कुणी भेटलं की तीनदा सांगते.

बल्ब काढून सेट पूर्ण व्होल्टेजवर गेला आणि तुम्ही खोलीतला दिवा घालवलात. "ह्याच्याकडं बघ, ईएल84 कडं." म्हणजे स्पीकरला आवाज देणारा शेवटचा व्हॉल्व्ह. फिलामेंटचा केशरी उजेड वर-खाली दिसत होता तो वेगळा, पण तीन-चार मिनिटांनी आतली करडी प्लेटच मधोमध लालसर व्हायला लागली, तव्यासारखी. तुम्ही लगेच बंद केलंत. माझ्या मनात आलं की दुकानदार खरं बोलत होता, व्हॉल्व्हच गेलाय. तुम्ही व्हॉल्व्ह उजेडात धरून त्याच्या डोक्यावरचा चंदेरी डाग दाखवलात, आत हवा शिरली तर तो डाग पांढरा पडतो, हा अजून आरशासारखा आहे, व्हॉल्व्हला काही झालेलं नाही, त्याला कुणीतरी छळतंय.

आणि मग तुम्ही मीटर माझ्या हातात दिलात. हे मी विसरणार नाही. कामाला बसलेल्या माणसाच्या बाजूला आम्हा बायकांना टॉर्च धरायलाच ठेवतात हो. तुम्ही म्हणालात डावा हात पाठीमागं, एकाच हातानं काम करायचं, अडीचशे व्होल्ट आहेत, दोन हात लागले तर करंट छातीतनं जातो. बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विजेचा साठा राहतो, तो रेझिस्टन्स लावून उतरवायचा आणि उतरलाय की नाही ते परत मोजायचं. मग चालू सेटवर मी ईएल84 च्या ग्रिडला, म्हणजे आवाज आत येतो त्या टोकाला, मीटर लावला. तिथं शून्य पाहिजे. आले 9 व्होल्ट. आधीच्या ईएबीसी80 व्हॉल्व्हच्या प्लेटवरून आवाज पुढे पाठवणारा मेणकागदाचा कंडेन्सर, त्यानं फक्त आवाज सोडायचा आणि डीसी अडवायचा, तो गळत होता, डीसी पाझरून ग्रिडवर येत होता आणि व्हॉल्व्ह बिचारा ताकदीबाहेर करंट ओढून तापत होता. तुम्ही तो कापलात, नवा 630 व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर लावलात, कथलाचा डाग, म्हणजे सोल्डर, मला द्यायला लावलात (पहिला नीट बसला नाही, तुम्ही न रागावता परत द्यायला लावलात), आणि मीटरवर शून्य. कॅथोडला 7 व्होल्ट, जेवढे पाहिजेत तेवढे. दिवा घालवून पाच मिनिटं दोघं बघत बसलो. प्लेट करडीच राहिली.

एवढ्याशा कंडेन्सरसाठी दुकानदार अख्खा सेट कचऱ्यात काढणार होता. आणि ईएल84 आजही नवे बनतात, स्लोव्हाकियात बनतात, रशियात बनतात. आमच्या सेटमधला तर बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा, काचेवरची बीईएल अक्षरं पुसट झालीयेत, बोटानं पुसायची नाहीत म्हणून सांगितलंत, नाहीतर आहेत तीही जातील.

बाकीचे मेणाचे कंडेन्सर आणि सप्लायचे मोठे, तेही बदललेत, घों घों गेली. मी हुशारी करून 220 मायक्रोफॅरडचा आणला होता, मोठा घातला तर आवाज अजून स्वच्छ येईल ना म्हणून. तुम्ही डोकं हलवलंत. ईझेड80 रेक्टिफायर आहे, एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह, त्याला पुढं 50 च्या वर चालत नाही, चालू करताना मोठा कंडेन्सर एवढा करंट ओढतो की रेक्टिफायरच जातो. जेवढा होता तेवढाच घातलात, आणि जुना ॲल्युमिनियमचा डबा वर तसाच ठेवलात, कनेक्शन काढून, म्हणजे वरून बघितलं तर आजोबांनी बघितलेलंच दिसेल. यासाठी मी तुमचे वेगळे आभार मानते. जे चांगलं होतं त्याला तुम्ही हातच लावला नाहीत. स्टेशन नीट लागलंय का ते दाखवणारा हिरवा डोळा मंद झालाय तोसुद्धा तसाच ठेवलात, आतला लेप झिजलाय, त्यावर औषध नाही, दिसतंय तेवढं बघा म्हणालात.

मागच्या व्होल्टेज सिलेक्टरचं तर मला कधी कळलंच नसतं. तो 220 वर होता आणि आमच्याकडे लाइन 240 असते, त्यामुळे 6.3 च्या फिलामेंटला 6.9 मिळत होते. तुम्ही स्क्रू काढून 240 वर लावलात. एक स्क्रू. व्हॉल्व्हचं आयुष्य वाढलं.

आणि मग तुम्ही स्वतः सांगलीला आलात, पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, खांद्याला हत्यारांची पिशवी, कारण गॅरार्ड मला खोलता येत नव्हता. त्यातलं ग्रीस वाळून लाखेसारखं झालं होतं. रबरी चाक स्पिरिटनं पुसलंत तर फडक्यावर काळाकुट्ट थर. 77 पट्ट्यांची चकती थाळीवर ठेवून स्पीड बघायला गेलात तर आमच्या एलईडीखाली पट्ट्या दिसेनातच, त्याला विजेच्या तालावर लुकलुकणारा उजेड लागतो, मग आईनं मागच्या खोलीतली चोकवाली ट्यूब सुचवली आणि आपण सगळा चेंजर उचलून तिकडे नेला. पट्ट्या थरथरल्या आणि जागेवर उभ्या राहिल्या, म्हणजे स्पीड बरोबर. आईनं टाळी वाजवली होती.

सुई बसते ते क्रिस्टल कार्ट्रिज मेलं होतं, त्यातलं मीठ ओल खातं म्हणालात, पुराच्या दमटपणानं तेच गेलं. तुमच्या डब्यातलं सिरॅमिक दिलंत, त्याचेही पैसे घेतले नाहीत. खटका फिरवला की एका बाजूला एलपीची बारीक सुई, दुसऱ्या बाजूला मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची जाड, आणि चुकीची लावली तर तबकडीचं वाटोळं. मी उत्साहात 78 ची तबकडी स्पिरिटनंच पुसायला घेतली तेव्हा तुम्ही अक्षरशः ओरडलात! ती लाखेची, स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खोबणीच्या दिशेनं, लेबल कोरडं. आता प्रत्येक तबकडी तशीच पुसते, आठवड्याला चार, घाई नाही.

खाँसाहेबांची झिंझोटी लावली तेव्हा अर्धा मिनिट नुसता खरखराट, तुम्ही ट्रेबल थोडा खाली घेतलात, आणि तो आवाज आला. तीन-सव्वातीन मिनिटं. आई दारातच उभी राहिली, हाताला कणीक. संपल्यावर सुई आतल्या खोबणीत खर्र खर्र फिरत होती आणि उठवायला कुणीच उठेना, शेवटी तुम्हीच उठलात.

आता रोज संध्याकाळी तासभर लावते. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडलीये, पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी चालू करते, तुम्ही सांगितलंत तसं. एक विचारायचं होतं, थंड असताना चालू केल्यावर पहिली काही मिनिटं व्हॉल्यूम फिरवला की चर्र होतं, ते कंट्रोल साफ करायचं ना फक्त? मी अजून खोललेलं नाही. पुढच्या रविवारी येतेय, चासी नाही आणत, भडंग आणतेय दोन किलो, आणि ते तुम्ही परत करायचे नाहीत.

तुमची,
सांगलीची पायमोजेवाली