घाटातल्या मामांना आणि मालवणच्या बोटवाल्या दादांना थँक्यू

आमची वडगावची गल्ली मालवणला निघालेली, आंबोली घाट उतरताना ब्रेकचा जळका वास यायला लागला आणि बायका सगळ्या देवाचं नाव घ्यायला लागल्या, तेवढ्यात बेळगावची भाजी घेऊन सावंतवाडीला चाललेले ट्रकवाले मामा स्वतःहून थांबले. गरम ड्रमवर पाणी मारू नका, तडकतंय, आपोआप थंड होऊ दे, मग सेकंड गिअरमध्येच उतरवा म्हणाले, आणि तोवर थांबले पण. कोण थांबतंय हो एवढं!

मालवणात सिंधुदुर्गला जाताना लाटा जोरात होत्या, आमच्या आज्जींना बोटवाल्या दादांनी हाताला धरून चढवलं, उतरवलं, वर पैसे पण घेतले नाहीत. १६६४ साली शिवरायांनी पाया घातलेला किल्ला बघायचाच म्हणून हट्ट होता त्यांचा.

लई लई आभार. मामा, तुमी तर बेळगावला भाजी न्यायला येतायच की, कुंदा खायला घरी या.