निकालाच्या एक्सेलला कुलूप लावा

संपादक महोदय,

निकालाचे दिवस आले की आकारिक (वर्गात सतत चालणाऱ्या मूल्यमापनाच्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या परीक्षेच्या) गुणांच्या एक्सेल शीट्स शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरायला लागतात, कुणीतरी रात्री जागून फॉर्म्युले बसवलेले असतात आणि पुढे कुणीतरी चुकून त्याच सेलमध्ये हाताने आकडा टाकतो, मग ती बिघडलेली शीट शंभर शाळांत पोचते आणि पोरांची श्रेणी चुकते. हे सहज टाळता येतं हो! एक्सेलमध्ये सगळे सेल आधीपासून लॉक्डच असतात, पण प्रोटेक्ट शीट केल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. म्हणून आधी फक्त गुण भरायचे सेल निवडून फॉरमॅट सेल्समध्ये लॉक्डची टिक काढायची, मग रिव्ह्यूमध्ये जाऊन पासवर्ड देऊन प्रोटेक्ट शीट. फाईल एक्सएलटीएक्स (एक्सेलची नमुना फाईल) म्हणून सेव्ह केली तर डबल क्लिक केल्यावर नवी कोरी प्रत उघडते, मूळ तशीच राहते.

पण खरी काळजी वेगळीच आहे. हा शीटचा पासवर्ड म्हणजे नुसती कडी, जाणकार माणूस तो सहज काढतो. त्याच फाईलमध्ये मुलांचे आधार नंबर, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल असतात आणि लोक भरलेली फाईलच नमुना म्हणून फॉरवर्ड करतात, हे फार वाईट आहे. भरलेल्या फाईलला एन्क्रिप्ट विथ पासवर्डच हवं, म्हणजे पासवर्डशिवाय फाईल उघडतच नाही (तो विसरला तर फाईल गेली, म्हणून मुख्याध्यापकांकडे लिहून ठेवा). गुगल शीट असेल तर लिंकच्या शेवटी एडिटच्या जागी कॉपी टाकून पाठवा, प्रत्येकाला स्वतःची प्रत मिळते.

शिक्षण विभागाने प्रशिक्षणात एक तास याला द्यावा ही कळकळीची विनंती.

— एक प्राथमिक शिक्षिका