पाकिटावरचं नाव

पाचगणी
१४ जुलै

चि. ज्ञानेश्वर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर आपलं बोलणं धड होत नाही, म्हणून लिहितोय. त्या रविवारी मी फोन आपटला, त्याला पंधरा-सोळा दिवस झाले. आई रोज विचारते, केला का फोन. मी सांगतो, लाइट नाही, रेंज नाही. आणि ते बऱ्याचदा खरंच असतं. पावसाने नुसती झोड उठवलीय. टेबललँड चार दिवस दिसलेलं नाही. कपडे वाळत नाहीत, हॉटेलांच्या चादरी शेगडीवर धरून द्याव्या लागतायत. बाळूकाकाचा गुडघा आहे तसाच. पिंकीला दोन दात आले. विहिरीचं प्रकरण एकदाचं मिटलं.

नावाबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

तुझ्या गाण्याच्या कार्यक्रमाचं पोस्टर शीतलने मोबाइलवर दाखवलं. फोटो चांगला आलाय, पण दाढी करत जा. मी आधी खालपासून वरपर्यंत तुझं नाव शोधलं. सापडेना. मग शीतल म्हणाली, "अण्णा, हा काय, मोठ्या अक्षरात. नेश रेन म्हणजे आपला ज्ञानाच." मी चष्मा पुसून परत वाचलं. 'ज्ञ' त्यांना म्हणता येत नाही हे मला कळतं. अरे, दिल्लीवाल्यांना तरी कुठे येतो. नेश म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. पण आडनावाला काय जड होतं? परीट. तीन अक्षरं. असो.

तू म्हणालास, "फ्रेडी मर्क्युरीनं पण बदललंच की नाव, आणि ते पण आपल्याच पाचगणीत." मला उत्तर सुचलं नाही म्हणून फोन आपटला. तेव्हापासून रोज रात्री दुकान बंद केल्यावर मी त्या क्वीन बँडच्या गायकाबद्दल वाचतोय, ऐकतोय. तुला खोटं पाडायचं म्हणून सुरुवात केली होती हे कबूल करतो.

आता ऐक. तो मूळचा फारोख बोमी बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ ला झांझिबारमध्ये जन्मला. पारशी घर. वडील तिथल्या इंग्रज सरकारच्या कचेरीत कॅशियर. बलसारा म्हणजे बलसाडचे, आपण ज्याला वलसाड म्हणतो ते. म्हणजे त्यांचं आडनाव गाव सांगतं, आपलं काम सांगतं. आठ वर्षांचा असताना त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून इथे सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगमध्ये आणून ठेवलं. आठ वर्षं! तू आठ वर्षांचा होतास तेव्हा वाईला मामाकडे एक रात्र राहायला रडलास आणि मी रात्री साडेदहाला पसरणी घाट उतरून तुला घेऊन आलो, आठवतं? त्या बाईने, त्याच्या आईने, कसं केलं असेल? मध्ये अख्खा समुद्र. सुट्टीत पोरगं मुंबईला आजी-मावशीकडे. फ्रेडी हे नाव इथल्या मित्रांनी पाडलं आणि पुढे घरच्यांनीही तेच धरलं. म्हणजे तुझं म्हणणं अर्धंच खरं. ते त्याने घेतलेलं नव्हतं, पोरांनी ठेवलेलं होतं. गाडगेबाबांचं तरी काय? मूळ डेबूजी. हातातल्या गाडग्यावरून लोक गाडगेबाबा म्हणायला लागले. लोकांनी नाव ठेवलं तर त्याला कोण काय म्हणणार? पोस्टर छापणाऱ्याला आपण होऊन सांगणं वेगळं.

बघ, ठरवलं होतं तरी आलंच.

माझ्या लहानपणी मी आबांबरोबर बोर्डिंगची गाठोडी पोचवायला जायचो. रविवारी सकाळी पोरं व्हरांड्यात बसून घरी पत्रं लिहीत असायची. एकजण नेहमी पेन चावत बसलेला दिसायचा. मी आबांना विचारायचो, ह्याला लिहायला काही नसतं का? आबा म्हणायचे, "लई असतं, म्हनून तर अडलंय."

आबांना वाचता येत नव्हतं, तुला माहीत आहे. कपड्यावर नावाची पट्टी शिवलेली असली तरी त्यांना तिचा उपयोग नव्हता. ते बिब्ब्याने खुणा करायचे. एका बोर्डिंगला चौकट, दुसऱ्याला फुली, आत टिंबं. बिब्ब्याची खूण कापड फाटेपर्यंत जात नाही. तू कॉलेजात होतास तेव्हा पुण्याची पोरं दुकानात आली होती, फ्रेडीचे कपडे तुम्ही धुतले का म्हणून आबांच्या तोंडापुढे कॅमेरा धरला. आबांनी विचारलं, "खूण काय हुती त्याची?" पोरांना काय ठाऊक! आबा म्हणाले, "चौकटीत टिंब आसंल तर धुतलं आसंल." पोरं हसली. आबा हसले नाहीत, खरंच आठवत बसले. तो इथे शिकत होता त्या वर्षांत आबा सतरा-अठरा वर्षांचे, भट्टीवर उभे. धुतलेही असतील. पण आपण तसं कुणाला सांगायचं नाही.

इथे तो पियानो शिकला. हेडमास्तरांनी घरी पत्र पाठवलं की मुलाला संगीताची जाण आहे, जास्तीची शिकवणी द्या, आणि आई-वडिलांनी तिचे पैसे भरले. चौथ्या ग्रेडपर्यंत परीक्षा दिल्या. १९५८ साली पाच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायचे. गंमत म्हणजे त्यात मुख्य गाणारा तो नव्हताच, तो पियानोवर. शाळेत टेबल टेनिस खेळायचा, बॉक्सिंगही करायचा. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. तू नववीत कीबोर्ड मागितला होतास. अकरा हजाराचा. त्याच महिन्यात मी स्टीमची इस्त्री घेतली. तू काही बोलला नाहीस, पाटावर बोटं वाजवत बसायचास. आई अजून तो पाट दुसऱ्या कुणाला देत नाही.

१९६३ ला तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच जानेवारीत तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या. आई, वडील, सहा वर्षांनी लहान बहीण आणि हा, असं चौघांनी हाताला लागेल ते घेऊन इंग्लंड गाठलं. फेल्थम, लंडनच्या विमानतळाजवळ. वयाच्या सतराव्या वर्षी. तिथे हीथ्रोवर सामान चढवायचं-उतरवायचं काम केलं. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, मग आपला गोदामात करतो त्यात काय वाईट. मी म्हटलं, त्याचं घर फेल्थमला होतं. रात्री परत आला की आई ताट वाढत होती. तुझं ताट इकडे आहे.

आणि त्याने शिक्षण सोडलं नाही. आधी आयझलवर्थला, मग ईलिंगच्या आर्ट कॉलेजात ग्राफिक्सचा डिप्लोमा, १९६९ ला पूर्ण. त्याच शिक्षणावर त्याने पुढे क्वीनचं बोधचिन्ह स्वतः काढलं, चौघांच्या राशी घालून. त्या बँडमधला गिटारवाला ब्रायन मे, त्याने तर खगोलशास्त्राची अर्धी राहिलेली पीएच.डी. २००७ साली पूर्ण केली. साठाव्या वर्षी! आणि तुझा प्रबंध किती पानं झाला? शेतावर कर्ज आहे हे मी बोलून दाखवत नाही, पण हप्ता पाच तारखेला जातो. रात्री गोदाम, दिवसा तालीम, मग लिहायचं कधी? शिस्त नावाची काही...

चूक झाली. हा परिच्छेद फाडून टाकावासा वाटतोय, पण मागच्या बाजूला आधीचा मजकूर आहे. वाचलास तर सोडून दे. हप्त्याचं मी बघतो.

पुढचं ऐक, इथे मात्र मी हरलो. १९६९ च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलच्या पोरांच्या आयबेक्स नावाच्या बँडबरोबर तो बोल्टनला गायला. तो बँड मोडला. मग दुसरा, तोही मोडला. तिसऱ्यात गेला, तिथेही टिकला नाही. मधल्या काळात केन्सिंग्टनच्या बाजारात ड्रमवाल्या रॉजर टेलरबरोबर गाळा टाकून जुने कपडे विकत होता. कपडे! मला हसू आलं. १९७० ला मे आणि टेलरबरोबर जमलं, क्वीन नाव त्याने ठेवलं, १९७१ ला जॉन डीकन आला, १९७३ ला पहिली तबकडी, ती फारशी चालली नाही. गाणं वाजलं ते १९७४ ला. मी कॅलेंडरच्या मागे मांडून बघितलं. शिक्षण झाल्यावर पाच वर्षं. आणि तुझा शिक्षणानंतरचा व्हिसा दोन वर्षांचा. कसं बसवायचं हे? रोज मांडतो, रोज तीन वर्षं कमी पडतात.

आणि त्या १९७० च्याच सुमाराला मर्क्युरी. हे कुणी ठेवलेलं नव्हतं, त्याने स्वतः घेतलं. म्हणजे तू खरा. मला वाटलं होतं आई-बापाची लाज वाटली म्हणून घेतलं असेल, आणि तेच मी तुला ऐकवणार होतो. पण ब्रायन मे सांगतो ते वेगळंच. पहिल्या तबकडीवरच्या एका गाण्यात मर्क्युरी नावाच्या आईला हाक मारलीय. ती आई म्हणजे माझीच आई, म्हणून मी आता मर्क्युरी होणार, असं तो म्हणाला होता म्हणे. हे ऐकल्यावर मी मोबाइल बंद केला आणि दाराशी जाऊन पाऊस बघत उभा राहिलो.

तुझ्या 'रेन'मध्ये आपला पाऊस आहे का रे? मी विचारलंच नाही. विचारायच्या आधी ओरडलो.

ज्ञाना, मला नावाची भीती नाही. तू पाचवीत असताना पोरं 'धोबी धोबी' ओरडली आणि तू दप्तर टाकून घरी आलास. मी तुला जवळ घेण्याऐवजी मारलं आणि परत पाठवलं. तेव्हापासून वाटतं की एक दिवस तू हे आडनाव उतरवून ठेवशील आणि ते माझ्यामुळे असेल. पोस्टर बघितलं तेव्हा तोच दिवस आला असं वाटलं. एवढंच होतं. फोनवर हे बोलता येत नाही.

आणखी एक, शीतललाही माहीत नाही. १९९४ ला दुकानाची नवी पाटी केली, ती मी वाईच्या पेंटरला आपण होऊन सांगून केली. वर इंग्रजी नाव, बाजूला हिरा काढलेला, खाली 'ड्रायक्लीनर्स'. जुन्या पाटीवर 'परीट' होतं. हॉटेलवाल्यांची कामं मिळतील म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. आबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी पाटीकडे बघून एवढंच म्हणाले, "अक्षर बरं काढलंय."

आता तूही म्हणशील, मग फोन का आपटला.

तू फेल्थमला जाऊन त्यांच्या घराचा फोटो पाठवला होतास ना, निळ्या गोल पाटीचा, तो मी स्टुडिओत मोठा करून घेतला. २०१६ साली लावलेली पाटी. वर फ्रेडी मर्क्युरी, आणि खाली कंसात फ्रेड बलसारा. कंसात का होईना, लिहिलंय. दुकानात गाडगेबाबांच्या फोटोशेजारी लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात हा कोण. मी सांगतो, इथल्या शाळेचा मुलगा.

तुझं गाणं मी कानात घालून ऐकलं, आईसमोर नाही, दुकानात. तिसरं गाणं चार वेळा. वरच्या पट्टीत जायच्या आधी तू जो दम घेतोस, तो आबा एकादशीच्या भजनात घ्यायचे तसाच आहे. शब्द मला फारसे कळले नाहीत.

मफलर वापर. रात्रपाळीहून आल्यावर लगेच गाऊ नकोस, घसा बसेल.

तुझा,
अण्णा

ता. क. मेतकूट आणि दोन बाटल्या स्ट्रॉबेरी क्रश वेगळ्या पार्सलने पाठवतोय, आईने गोधडीही घातलीय. पत्राच्या पाकिटावर 'ज्ञानेश्वर मारुती परीट' असं लिहिलंय. खाली कंसात तुझं नवं नावही टाकलंय. तिकडचा पोस्टमन तुला कुठल्या नावाने ओळखतो ते कळव, म्हणजे पुढच्या वेळी घोळ नको.