सोनोग्राफीवाल्या मॅडमना, बडोद्याहून एक मोकळं पत्र

मॅडम, नमस्कार.

तुम्हाला माझी लेक आठवत असेल, मी आठवणार नाही, पण तुमच्या रूमच्या दाराशी पिशवी धरून सारखं "काय दिसतंय, काय दिसतंय" विचारणारी बाई ती मीच. समोर आले की मला धड बोलता येत नाही म्हणून इथे लिहितेय, आणि चार बायकांनी वाचलं तर बरंच आहे.

लेक तेव्हा २४ ची. न्हाताना स्तनात गाठ हाताला लागली, द्राक्षासारखी, बोटाखाली सटकायची, दुखत बिखत काही नव्हतं. तुमच्याकडे यायच्या आधी एका ठिकाणी गेलो होतो, नाव नाही घेत, तिथे नुसता हात लावून सांगितलं की पूर्ण भूल देऊन काढून टाका, उद्या ॲडमिट व्हा. सोनोग्राफी नाही, काही नाही. घरी सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले आणि मामींचा सुरतहून फोन, की पोरीचं लग्न व्हायचंय, व्रण दिसेल तर काय करायचं. (पोरीला काय वाटतंय ते कुणीच विचारलं नाही, मामींनी तर नाहीच.)

तुम्ही काय केलंत तर तो मॉनिटर आमच्याकडे वळवलात. ही बघा गाठ, लांबट गोल, कडा गुळगुळीत, आडवी पसरलेली, उंचीला कमी आणि रुंदीला जास्त, या सगळ्या चांगल्या खुणा आहेत म्हणालात. मी मॅमोग्राफीचं, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचं, विचारलं तर म्हणालात या वयात स्तन घट्ट असतो, त्यात गाठ लपून जाते, आधी सोनोग्राफीच. रिपोर्टवर बायरॅड्स ३ (गाठ कितपत संशयाची आहे ते सांगणारा आकडा) लिहिलंत आणि लगेच समजावलंत की याचा अर्थ कॅन्सर असायची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी, म्हणून कापाकापी न करता ६, १२ आणि २४ महिन्यांनी परत बघायचं. कुणी एवढं सांगितलं की माणूस रात्री झोपतो हो.

सहा महिन्यांनी मात्र २.१ सेंटीमीटरची २.७ झाली. माझे हातपाय गार. तुम्ही जुन्या आणि नव्या इमेज शेजारी शेजारी लावून परत मोजलंत आणि म्हणालात सहा महिन्यांत २० टक्क्यांच्या वर वाढली तर सुईने तुकडा घ्यायचाच, कारण फिलॉइड्स नावाची गाठ दिसायला अशीच असते पण ती भराभर वाढते आणि तिला कडेचा भाग धरून काढावं लागतं. तुकड्याचा रिपोर्ट फायब्रोॲडिनोमा आला, साधी गाठ. तरीही तुम्ही "आता काढाच" म्हणाला नाहीत! ठेवली तरी चालेल फक्त बघत राहू, ऑपरेशन आहे, व्हॅक्यूमने, म्हणजे सुईतून तुकडे ओढून, काढता येते, आणि गोठवून मारायची क्रायोची पद्धत पण आहे, अमेरिकेत २००१ पासून या गाठीसाठी मान्य आहे, पण त्यात गाठ तिथेच राहून हळूहळू विरते, कित्येक महिने हाताला लागत राहते, आणि पूर्ण गाठ तपासायला मिळत नाही. हे सगळं तुम्ही तिला सांगितलंत, मला नाही. तिनेच व्हॅक्यूम ठरवलं.

मी बाहेर बसले होते, आतलं तिनेच सांगितलं. फक्त तेवढी जागा बधिर केलीत, तीन-चार मिलीमीटरची चीर, सुई गाठीच्या खाली सरकवलीत आणि स्क्रीनवर ती काळी गाठ खालून खालून कमी होत गेली, मशीनचा घुर्र आवाज आणि ट्रेमध्ये पांढरट बारीक तुकडे, सगळे तपासायला गेले. जागा कळावी म्हणून आत एक इवलीशी क्लिप ठेवलीत. मग सिस्टरनी हाताने किती वेळ दाबून धरलं होतं, त्यांचेही आभार, त्यांचा हात नक्की भरून आला असणार. टाका नाही, नुसती पट्टी. आणि आमच्या बाईसाहेबांचा पहिला प्रश्न काय, तर नवरात्रात गरबा खेळता येईल ना! बडोद्याची पोर, दुसरं काय विचारणार. तुम्ही हसलात पण स्पष्ट सांगितलंत, आतलं रक्त जिरू दे, उड्या नंतर.

जांभळा डाग बरेच दिवस होता, ते तुम्ही आधीच सांगितलं होतंत म्हणून घाबरलो नाही. नंतरच्या सोनोग्राफीत तिथे काळसर काहीतरी दिसलं तेव्हा परत माझ्या पोटात गोळा, पण तुम्ही क्लिप शोधलीत, जुन्या इमेज काढल्यात आणि म्हणालात हे साठलेलं रक्त आणि भरत आलेली जखम आहे, उरलेली गाठ नाही, पण कधी कधी थोडी राहून परत वाढते म्हणून पुढच्या वेळी परत मोजू. गाठ काढून झाल्यावर पण एवढं बघणारं कुणी भेटत नाही, खरंच.

तुमची फी घेऊन झाली होती, तरी रात्री मेसेजला उत्तर दिलंत. त्याचे आभार कसे मानू ते कळत नाही, दांडिया बाजारात याल तेव्हा घरी या, पुरणपोळी नक्की.

आणि हो, माझ्या नणंदेला घेऊन येतेय, तिलाही काहीतरी हाताला लागतंय, ती ४६ ची आहे, म्हणजे तिला तुम्ही मॅमोग्राफी पण सांगाल हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय. ती माझ्यापेक्षा जास्त प्रश्न विचारते, तेवढं सांभाळून घ्या.

तुमच्या पेशंटची आई