जर्मनीचे 1923 साल आणि बारा शून्ये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईचा किंवा सरकारी तुटीचा विषय निघाला की 1923 सालच्या जर्मनीचा दाखला हमखास येतो. गाडाभर नोटा देऊन पाव आणावा लागे, त्यातूनच पुढे हिटलर आला, एवढ्यावर गोष्ट संपते. इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हा दाखला असा अर्धामुर्धा दिला जाणे मनापासून खटकते, म्हणून हे पत्र.

आधी आकडा. जर्मन भाषेत बिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आपले एक लाख कोटी. इंग्रजी बिलियन म्हणजे शंभर कोटी. 20 नोव्हेंबर 1923 रोजी डॉलरचा भाव 4.2 जर्मन बिलियन, म्हणजे 4.2 लाख कोटी मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) होता. तो इंग्रजी समजून उतरवला की 420 कोटी होतो, थेट हजारपट कमी. पहिल्या महायुद्धापूर्वी हाच डॉलर 4.2 मार्कांना मिळे. बर्लिनमध्ये जानेवारीत 250 मार्कांना असलेला पाव नोव्हेंबरात 20,100 कोटींवर गेला.

नोटा युद्धकाळापासूनच वाढत होत्या, पण तोल सुटला तो 11 जानेवारीनंतर. हरलेल्या जर्मनीने जेत्यांना द्यायची युद्धाची नुकसानभरपाई थकली म्हणून फ्रेंच आणि बेल्जियन फौजा रूर या कोळशाच्या खोऱ्यात शिरल्या. जर्मन सरकारने तिथे काम बंद ठेवायला लावले आणि कामगारांचा पगार स्वतःच्या अंगावर घेतला. कोळसा गेला, तिथला कर गेला, कोळशासाठी परकीय चलन मोजावे लागले, आणि हे सगळे भागवायला छापखाना. नोटा छापून भरपाई बुडवली, असेही सांगतात. पण भरपाई सोन्याच्या मार्कात, म्हणजे ठरावीक वजनाच्या सोन्याच्या किमतीत, ठरलेली होती, कागदी मार्क घसरून ती कमी होणार नव्हती.

कर का जमेना, हे आपल्या गुळाच्या बाजारावरून लवकर कळेल. सौदा आज झाला आणि पट्टीचे पैसे महिन्याने मिळाले, असे धरा. 1 ऑक्टोबरला डॉलर सुमारे 24 कोटी मार्क होता, 1 नोव्हेंबरला सुमारे 13,000 कोटी. हाती पडलेल्या रकमेची किंमत पाचशेव्या हिश्श्याच्याही खाली. सरकारी कराचे नेमके हेच होत होते: आकारणी आज, वसुली उद्या, तूट आणखी मोठी, म्हणून आणखी नोटा. त्यात मध्यवर्ती बँक व्यापाऱ्यांना सप्टेंबरातही 90 टक्के वार्षिक व्याजाने कर्ज देत होती. त्या दिवसांत हे जवळजवळ फुकट वाटप होते.

थांबले कसे, हा भाग सहसा कोणी सांगत नाही, आणि खरे शिकण्यासारखे तेच आहे. 15 नोव्हेंबरला रेन्टेनमार्क हे नवे चलन निघाले. त्याला आधार म्हणून शेती आणि उद्योगांच्या मालमत्तेवर एकूण 320 कोटी सोन्याच्या मार्कांचा बोजा चढवला, सातबाऱ्यावर चढवतात तसाच. अर्थात नोट घेऊन गेल्यावर कोणाला जमीन मिळणार नव्हती. चलन टिकले ते दुसऱ्याच कारणांनी. सरकारला हे चलन काढणाऱ्या नव्या बँकेकडून 120 कोटींपर्यंतच उचल होती, आणि त्याच दिवसापासून मध्यवर्ती बँकेने सरकारी हुंड्या वटवणे, म्हणजे नोटा छापून सरकारला कर्ज देणे, बंद केले. रूरमधला बंद सप्टेंबरअखेर मागे घेतला होता. सरकारी नोकरांत चौथाई कपातीचा हुकूमही निघाला होता. एक रेन्टेनमार्क म्हणजे एक लाख कोटी जुने मार्क. डॉलर 4.2 लाख कोटींवर आल्यावर तो भाव बांधला, त्यामुळे बारा शून्ये पुसली की डॉलर पुन्हा 4.2 मार्कांना. हिशेब इतका सोपा ठेवल्यामुळे दुकानदारालाही तो लगेच पटला.

ठेवीदार मात्र बुडाले. 1924 च्या हुकुमाने जुन्या गहाणखतांना मूळ सोन्याच्या किमतीच्या 15 टक्के, 1925 च्या कायद्याने 25 टक्के मिळाले. रोख नोटा बाळगणाऱ्याला काहीच नाही.

आता हिटलर. त्याचा म्युनिकचा उठाव 8-9 नोव्हेंबर 1923 चा, तो फसला. 1928 च्या निवडणुकीत नाझी पक्षाला 2.6 टक्के मते होती. ती 1930 साली 18.3 आणि जुलै 1932 मध्ये 37.3 टक्के झाली. तेव्हा भाव चढत नव्हते, उतरत होते. पगार हुकुमाने कापले जात होते आणि 1932 च्या सुरुवातीला साठ लाख माणसे बेकार होती. 1923 ने मध्यमवर्गाचा विश्वास मोडला, हे खरेच. पण 1933 साली हिटलर सत्तेवर का आला हे सांगायचे, तर नोटांच्या गाड्याशेजारी 1931 सालची ही पगारकपातही छापावी, एवढी विनंती.

आपले,
इतिहास व अर्थशास्त्राचे काही शिक्षक,
कोल्हापूर