चौकाचे नऊ तुकडे

बोरिवली, मुंबई
६ जुलै २०२५

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुला नुसतं "काहीतरी पाठवतोय" म्हणालो आणि तीन आठवडे गप्प बसलो. बोलून सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो आहे.

सामान लावताना जुनी हार्ड डिस्क हाताला लागली. तिच्यात तुझे ते फोटो निघाले. २०११ च्या गणपतीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यात उभा राहून तू आपल्या चाळीचा चौक टिपला होतास. कॅमेरा उभा धरून, डावीकडून उजवीकडे, ओळीने नऊ. "नंतर जोडू" म्हणालास आणि ते राहूनच गेलं. मग तू नाशिकला गेलास, चाळ रिकामी झाली, पडली. मध्यंतरी ठाकूरद्वारला गेलो होतो. पत्र्यांच्या कुंपणाच्या फटीतून पाहिलं तर आत नुसता खड्डा. म्हणजे आपला चौक आता त्या नऊ फोटोंतच उरला आहे. त्याच रात्री जोडायला घेतला.

हुगिन नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट आणि मुक्त, कोणालाही त्याचा कोड उघडून पाहता येतो. हेल्मुट डेर्श यांनी १९९८ च्या सुमारास पॅनोरामा टूल्स म्हणून गणिताची हत्यारं लिहिली. त्यांच्यावर खिडक्या-बटणांचा साज चढवून पाब्लो द'अँजेलो यांनी २००३ मध्ये हुगिन सुरू केलं. पुढे जगभरातल्या लोकांनी हौसेने त्यात भर घातली. नाव उत्तरेकडच्या पुराणातलं आहे. ओडिन देवाचे दोन कावळे, एक हुगिन म्हणजे विचार, दुसरा मुनिन म्हणजे आठवण. दोघं रोज जगभर फिरून येतात आणि देवाच्या कानात बातम्या सांगतात. आपल्या कामाला दोघेही लागणार होते.

फोटो आत टाकले की ते आधी फोटोतली दडलेली माहिती वाचतं. किती मिलिमीटरवर काढला, सेन्सर किती लहान, त्यावरून लेन्सने किती अंश पाहिलं ते काढतं. तुझी लेन्स १८ वर होती, म्हणजे कॅमेरा उभा धरल्यावर आडवा कोन साधारण ४७ अंश. आठ फोटोंचं हे झटकन झालं. सातवा मात्र डिस्कवर नव्हताच. तू तेव्हा मला मेल केलेली बारीक प्रत तेवढी मिळाली, फक्त ८०० पिक्सेल उंचीची, आतली माहिती पुसलेली. मग त्याला वेगळी लेन्स समजायला सांगितलं आणि ४७ हा आकडा हाताने भरला. फोटो बारीक झाला तरी कापलेला नव्हता, त्यामुळे कोन तोच.

पुढचं काम म्हणजे एकच जागा दोन फोटोंत कुठे कुठे दिसते ते शोधणं. या खुणांना कंट्रोल पॉइंट म्हणतात आणि सॉफ्टवेअर त्या आपणहून शोधतं. पण आपल्या चाळीने त्याला चकवलं! सगळ्या खोल्यांना तीच खिडकी, तेच गज, कठड्याला तेच लाकडी दांडके. त्याने १४ नंबरची खिडकी १५ नंबरला जोडली, सावंतांच्या दाराला पाटलांचं दार समजलं. आपण डोळे मिटून दार ओळखायचो ते कुणाच्या उंबऱ्याशी तुळस आहे आणि कुणाच्या नळाखाली पत्र्याची बादली, यावरून. सॉफ्टवेअरला ते कुठून कळणार? यादीत प्रत्येक खुणेपुढे चूक किती पिक्सेलची ते दिसतं. दीडशे-दोनशेवाल्या सगळ्या खुडून काढल्या. मग बसून हाताने खुणा घातल्या: तुळशीच्या कुंडीचा कान, बापटांच्या दारावरच्या पाटीचे कोपरे, रंग उडून नकाशासारखा झालेला भिंतीचा तुकडा. सहाव्या आणि सातव्या फोटोत तर सामाईक भाग जेमतेम चार बोटं. एरवी पाव ते एक तृतीयांश लागतो. तिथे आठ खुणा घालायला मला एक अख्खी रात्र लागली, आणि त्या रात्री मी चाळीत होतो असंच म्हण.

आता तुझी एक चूक, रागावू नकोस. एक डोळा मीट, बोट डोळ्यासमोर धर आणि मान फिरव. मागच्या भिंतीवर बोट सरकताना दिसेल. कॅमेऱ्याचंही तसंच. तो लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरला तरच जवळचं आणि लांबचं एकमेकांवरून सरकत नाही. तू हात पुढे करून अख्खा अंगाने फिरलास, म्हणजे कॅमेरा वीतभर तरी घरंगळला. समोरची गॅलरी चाळीसेक फूट लांब, तिला फारसं कळलं नाही. पण तुझ्या पुढ्यातला कठडा प्रत्येक फोटोत वेगळ्याच ठिकाणी. म्हणून कठड्यावर एकही खूण ठेवली नाही, सगळ्या समोरच्या भिंतीवर. आणि कठड्यासाठी मास्क काढले, म्हणजे फोटोचा नको तो भाग रेघ मारून वगळायचा. सांधा दांडक्याच्या कडेला नेऊन लपवला. तरी एका जागी वरची पट्टी बोटभर खाली-वर आहे. ती तशीच राहू दिली. सरासरी चूक शेवटी साडेतीन पिक्सेलवर आली. तिपाईवर काढले असते तर एकच्या खाली आली असती, पण हातात धरून काढलेल्यांना हे पुष्कळ.

सरळ करण्याची गोष्ट तर सांगितलीच पाहिजे. चित्र तिरकं होऊ नये म्हणून एखादी उभी रेघ दाखवावी लागते. मी जिन्याजवळचा लाकडी खांब दाखवला. अख्खी चाळ उजवीकडे कलली! बराच वेळ मी आकडे तपासत बसलो आणि मग आठवलं, अरे, तो खांब कललेलाच होता. त्याला टेकू लावला होता आणि आपण त्या टेकूवर पाय देऊन चढायचो. सॉफ्टवेअरने कललेला खांब सरळ केला आणि सरळ चाळ कलली. मग पाचव्या फोटोत मांडवासाठी सोडलेली दिव्याची वायर दिसली, खाली बल्ब लोंबतोय. गवंड्याचा ओळंबाच की. तिचं वरचं टोक आणि खालचं टोक दाखवलं, सगळं जागेवर आलं. खांब कललेला, चाळ उभी. जसं होतं तसं.

१८० अंशांच्या आसपासचं दृश्य सपाट कागदावर मांडायचं कसं, हाही प्रश्नच होता. साध्या पद्धतीत कडा इतक्या ताणल्या जातात की कोपऱ्यातली मोरी हॉलएवढी होते. सिलिंडरच्या पद्धतीत समोरची गॅलरी धनुष्यासारखी वाकते. तिसरी एक पानिनी नावाची पद्धत आहे, अठराव्या शतकात रोमची भव्य दालनं रंगवणाऱ्या चित्रकाराच्या नावाची. तिच्यात उभ्या रेघा उभ्याच राहतात आणि मध्याकडे धावणाऱ्या रेघाही सरळ. आपला चौक तिच्यात चौकासारखा दिसला: दोन्ही बाजूच्या गॅलऱ्या आत आत जाणाऱ्या, मध्ये मांडव. मी तीच ठेवली.

कॅमेरा ऑटोवर होता, त्यामुळे आभाळाकडचे फोटो काळपट आणि जिन्याकडचे पांढुरके. तेही हिशेबाने सारखं करता येतं. फोटो एकमेकांना शिवण्याचं काम एनब्लेंड नावाचं सॉफ्टवेअर करतं. बर्ट आणि अ‍ॅडेलसन या दोघांनी १९८३ मध्ये मांडलेली युक्ती आहे: उजेड-अंधाराचे मोठे फरक रुंद पट्ट्यात हळूहळू मिसळायचे, बारीक तपशील अगदी अरुंद पट्ट्यात. म्हणून भिंतीचा रंग कुठे बदलला ते कळत नाही आणि गजही दुहेरी होत नाहीत.

पहिलं पूर्ण चित्र रात्री दीडला तयार झालं. मोठं करून डावीकडून पाहत गेलो आणि तिसऱ्या-चौथ्याच्या सांध्यावर थांबलो. शिवण काकूंच्या अंगावरून गेली होती.

तुझ्या दोन फोटोंमध्ये १७ सेकंद गेलेत, वेळ आत नोंदलेली आहे. तिसऱ्यात काकू पाठमोऱ्या, काठीने वरच्या दोरीवर साडी टाकतायत. चौथ्यात काठी कठड्याला टेकवून त्या वळल्यात, कपाळावर हात धरून उन्हातून बघतायत. तुझ्याकडेच, दुसरं कोण होतं तिथे. मास्कने एक काकू ठेवता येतात, दुसऱ्या पुसाव्या लागतात. दोन्ही ठेवता येत नाहीत, जागा एकच आहे. मी बराच वेळ माउस हातात धरून बसलो. शेवटी दोन्ही चित्रं वेगवेगळी तयार केली. सोबतच्या पेनड्राइव्हवर आहेत, प्रकल्पाची फाइलही आहे. ती साधी मजकुराची फाइल असते, कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, एकेका फोटोची एकेक ओळ आणि खाली सगळ्या खुणा. उद्या मी नसलो तरी तुला किंवा तुझ्या मुलीला तिथून पुढे काम करता येईल.

सातव्याची मूळ प्रत तुझ्याकडे असण्याची शक्यता आहे. जुनी कार्डं, जुना लॅपटॉप, सगळं बघ. त्या पट्ट्यात बापटांची पाटी धूसर आलीय, अक्षरं वाचता येत नाहीत. सापडली तर मेल करू नकोस, पुन्हा बारीक होईल. काढून ठेव, मी गणपतीआधी नाशिकला येतोच आहे.

चित्र मोठं छापून घेणार आहे, पाच फूट रुंद, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे. छापायला टाकायचं थांबलंय ते एवढ्याचसाठी, की कुठल्या काकू ठेवायच्या ते तू सांगायचं आहेस. घाई नाही.

वहिनींना नमस्कार, मनूला आशीर्वाद.

तुझा,
शिरीष