नावं विचारायची राहिली, पण आभार मानायचेच होते

मल्टिमीडियाचा साऊंड डिझाईनचा प्रोजेक्ट एकदाचा सबमिट झाला, आता ज्यांच्यामुळे झाला त्यांना थँक्यू म्हणायचंय.

बामणोदकडच्या शेतात भरीत करणाऱ्या मावशी, तुमचे खूप खूप आभार! भाजलेली हिरवी वांगी बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) ठेचताना जो ओला, जड आवाज येतो ना, तोच मला चिखलातल्या पावलांसाठी पाहिजे होता, आणि तुम्ही तर माईक बघून "अजून जवळ धर भाऊ" म्हणत अख्खी पंगत गप्प बसवली. वर अर्धा मिनिट नुसती शांतताही रेकॉर्ड करू दिली, तिला रूम टोन म्हणतात, दोन कटच्या मधे ती टाकली नाही तर आवाज मधेच मेल्यासारखा वाटतो. (एक आजोबा हसले, पण तेवढं चालतं.)

केळीच्या बागेतल्या काकांनी पानांची सळसळ नीट यावी म्हणून चालू मोटर बंद केली. लाईट मोजून येते तिथे हे किती मोठं आहे ते शेतकऱ्यालाच विचारा.

आणि भुसावळचा लग्नात साऊंड लावणारा दादा, "व्हिडिओला सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते, 48 किलोहर्ट्झच ठेव, 44.1 सीडीचं, आणि मीटरवर लेव्हल लाल होऊ देऊ नको, फाटलेला आवाज नीट शिवता येत नाही" हे त्याने चहा पिता पिता सांगितलं आणि माझ्या डोक्यात कायमचं बसलं. दादा, तुझी माईकची एक्सएलआर केबल माझ्याकडेच आहे, मेसेज टाक, आणून देतो.